बकासुराचा हात

जालना,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय सुध्या,

बकासुराचा हात पुन्हा पडला.

१९९७ ला गणपतीच्या हलत्या देखाव्यातला पडला, तेव्हा खाली वर्गणीचं टेबल होतं. या वेळी पडली ती माझी हलणारी खुर्ची, आणि वर नाना बसलेले होते. घाबरू नकोस. नानांची कंबर तीन दिवस धरली होती, आता पट्टा लावून पारावर जाऊन येतात. माझी शुगर काठावर, हिचे गुडघे कुरकुरतात, पोरगं दिवसाला चार अंडी खातं. तब्येतीचा विषय संपला.

सात महिने झाले, तुला धड फोन केला नाही. तू मेसेज टाकतोस, मी अंगठा दाखवतो. त्यामागं कारण आहे आणि ते चांगलं नाही, पण ते पुढं. आधी हात कसा पडला ते ऐक, कारण इथं कुणाला सांगितलं तर "लाईट गेली, खुर्ची बसली, त्यात काय" म्हणतात. १९९७ ला माझ्याबरोबर मांडवाच्या मागं अंधारात उभा असलेला माणूस तू एकटाच.

मी हलणारी खुर्ची करायलोय हे तुला दिवाळीत बोललो होतो. पोरानं गेमसाठी स्टिअरिंग आणि पेडलं आणली, मी म्हटलं खाली सांगाडा करून देतो, ट्रक वळला की खुर्ची वळेल. तू हसलास आणि एवढंच विचारलंस, "मोटर कोणती?" मी म्हटलं ठरायचंय. सुध्या, ते अजून ठरायचंच आहे. दरम्यान चार प्रकार करून झालेत.

पहिल्या वायपरच्या. तुला वाटलंच असेल. बसच्या दोन २४ व्होल्टच्या वायपर मोटारी, खुर्ची मधोमध जॉइंटवर तोललेली, मागं दोन दांडे. रिकामी खुर्ची अशी डुलायची की पोरानं व्हिडिओ काढला. मी बसलो की आजारी माणसासारखी. मिनिटाला पन्नास-साठ फेरे ते काचेवरची काडी फिरवायला, चौऱ्याऐंशी किलोचा दत्त्या हलवायला नाही. शिवाय वायपरला सारखं उलट-सुलट फिरायची सवय नसते, आतली दांडी दिशा बदलते पण मोटर एकाच अंगाला जाते. इथं सेकंदाला तीनदा दिशा उलटी. पंधरा दिवसांत दात्यांत एवढा खेळ आला की दर वळणाला खट्. पोरगं म्हणे, "पप्पा, ट्रकचा गिअरबॉक्स गेलाय का आपला?"

मग मी माझी जुनी चूक केली. ताकद कमी पडली ना, घ्या ताकद! दवाखान्यातल्या पलंगाचे ॲक्च्युएटर आणले भंगारातून, एकेक सहाशे किलो ढकलणारा. लावले, आणि खरंच, आम्ही तिघं बसलो तरी उचललं. पण सेकंदाला आठ-दहा मिलिमीटर. गेममध्ये खड्डा लागतो तेव्हा वीस मिलिमीटरचा गचका एक दशांश सेकंदात बसायला पाहिजे, म्हणजे सेकंदाला दोनशेचा वेग. यांना दोन सेकंद लागायचे. खड्डा जालन्यात, गचका बदनापूरला. पोराला उलटी झाली. डोळ्यांनी पाहिलेलं आणि अंगाला लागलेलं यांच्यात एवढी फारकत पडली की पोट बंड करतं. वर त्या ॲक्च्युएटरना दोन मिनिटं चाललं की अठरा मिनिटं विश्रांती. सरकारी नोकरी.

इथं तू म्हणणार, "मी तेव्हाच म्हटलं होतं." हो, म्हटला होतास. आयटीआयच्या पायरीवर, पॅशन फ्रूट पेप्सीचा पांढरा बर्फ चोखत. मोटारीकडं वॅट ठरलेले असतात, तेवढ्यातून ताकद घे नाहीतर वेग घे, दोन्ही मागितलंस तर धूर मिळेल. मी म्हटलं होतं गिअर लावला की सगळं मिळतं. त्यावरून आपण किती दिवस बोललो नव्हतो? आणि तुझ्याकडं राहिलेला तो जाडी मोजायचा व्हर्निअर माझा होता, हे जाता जाता.

तिसऱ्या वर्मगिअरच्या डीसी मोटारी, त्यांचं फार सांगत नाही. चालल्या बऱ्या. पण ते स्वस्तातले ड्रायव्हर बोर्ड त्रेचाळीस अँपियरचे म्हणून विकतात, माझ्याकडं विशीच्या घरात धूर निघाला. आणि एक गंमत, दर ब्रेकला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बंद पडायचा. दोन रात्री डोकं धरून बसलो. मग कळलं की मोटर थांबवताना ती सायकलच्या डायनामोसारखी उलटी वीज फेकते, ती एसएमपीएसला गिळता येत नाही, व्होल्टेज चढतं आणि तो संरक्षणात जातो. समांतर ट्रकची बॅटरी लावली, बॅटरीनं ती वीज मुकाट्यानं पिऊन टाकली. हा शोध लागला तेव्हा पहाटेचे अडीच वाजले होते आणि तुला फोन लावणार होतो. लावला नाही.

चौथा प्रकार म्हणजे हा आत्ताचा. खाली चार कोपऱ्यांना चार उभे खांब, प्रत्येकात बॉलस्क्रू, म्हणजे गोळ्यांवर चालणारा आट्यांचा दांडा, त्यावर ७५० वॅटची सर्वो मोटर, सांगू तेवढीच फिरणारी. पोराला सहा पायांचं पाहिजे होतं, विमानकंपन्यांकडं असतं तसलं. १९६५ मध्ये स्टुअर्ट नावाच्या इंजिनिअरनं ते लिहून मांडलं, म्हणून त्याचं नाव लागलं. त्याच्याही आधी इंग्लंडात गफ म्हणून एकानं टायर तपासायला तसलंच यंत्र केलं होतं. मी पोराला म्हटलं, सहा पायांचं गणित माझ्या बाला येत नाही. माझ्या बाला म्हणजे नानांना, ते शेजारीच बसले होते, म्हणाले, "मला चार चाकांचं येतं."

आणि ऐक, हे तुला आवडेल. विमानाचा असला पहिला गाजलेला पाळणा १९२९ चा, लिंक नावाच्या अमेरिकन माणसाचा. त्याच्या बापाचा ऑर्गन-पियानोचा कारखाना. त्यानं काय केलं? ऑर्गनचे भाते काढून खाली लावले, हवा भरली की विमान वर, सोडली की खाली. पेटीचा भाता रे! आपल्या मंडळाच्या पेटीचा भाता फाटला तेव्हा आपण त्याला खळ लावत बसलो, आणि तिकडं पोरं त्यावर वैमानिक झाली. माझ्याही मनात हवेचे सिलिंडर आले होते, पण हवा दबते. वजन पडलं की फुगा. नेमक्या जागी थांबवायचं म्हणजे डोकेदुखी. सोडून दिलं.

आता मुख्य भानगड. बॉलस्क्रू सोळा मिलिमीटर जाडीचा घेतला, पण आटे कितीचे? पाचाचे की दहाचे? एका फेऱ्यात पाच मिलिमीटर चढणारा घेतला तर ही मोटर जवळजवळ पावणेतीनशे किलो ढकलते आणि सेकंदाला २५० मिलिमीटर जाते. दहाचा घेतला तर ताकद निम्मी, वेग दुप्पट. सांगाडा, खुर्ची, पडदा मिळून एकशेपाच किलो, नाना पंच्याहत्तर. म्हणजे खांबाला सरासरी पंचेचाळीस, मागच्या दोघांवर थोडं जास्त. ताकदीची ददात कुठंच नव्हती. या वेळी मी शहाणपणा केला, दहाचा घेतला. तुझं ऐकलं, असं म्हण.

आणि काय हललं सुध्या! चालू केलं आणि खरोखर अंगावर काटा आला. आपल्या कानातल्या त्या मापकाला चाल कळतच नाही, फक्त हिसका कळतो. म्हणून हिसका खरा द्यायचा आणि मग कुणाला कळणार नाही अशा बेतानं खुर्ची हळूच मधल्या जागी आणून ठेवायची, पुढच्या हिसक्याला जागा पाहिजे ना. वरातीतला घोडा बघ, पन्नास पावलं नाचतो आणि असतो तिथंच.

नानांना मी बसवणार नव्हतो. तेच आले. मोतीबिंदूनंतर लायसन्स नूतनीकरण झालं नाही आणि रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, पण अजून जेवताना डावा पाय क्लच दाबतो. बसले. पडद्यावर युरोपातला कुठला तरी महामार्ग. दहा मिनिटं चालवून म्हणाले, "ह्याला रस्ता म्हणतात? एक खड्डा नाही. झोप येते." पोरानं डोंगरातला रस्ता लावला. पहिल्याच ब्रेकला नाना ओरडले, "आरं, ब्रेक मारल्यावर माणूस पुढं जातो. तुझी खुर्ची मला मागं कामून ढकलायली?" पाहतो तर पुढच्या-मागच्या खांबांची दिशा मी उलटी भरलेली. तीन महिने मी आणि पोरगं त्यावर बसत होतो आणि दोघांना कळलं नाही! दिशा सुलटी केली. आता ब्रेकला पुढून वाकते. दहा अंश वाकलं की आपल्या वजनाचा सहावा हिस्सा पुढं ओढतो, डोळे पडद्यावर असले की अंग त्यालाच ब्रेक समजतं. नाना गप्प झाले. उतारावर दुसरा गिअर टाकला, डावा हात आपसूक खिडकीच्या जागी गेला. तासभर उतरले नाहीत. नंतर म्हणाले, औट्रम घाटात रात्रीच्या गाडीला असंच व्हायचं, फक्त मागून उलट्यांचा आवाज यायचा.

मग रोजचंच झालं. चार वाजता चहा, साडेचारला नाना शेडवर. हिनं मला म्हटलंसुद्धा, "तुमच्याशी दहा वर्षांत बोलले नसतील एवढं त्या खुर्चीशी बोलतात."

गेल्याच्या गेल्या शुक्रवारी पावणेपाचला लाईट गेली.

आवाज आधी. धाड् नाही, सर्र आणि मग धप्प. मागचे दोन खांब आधी बसले, पुढचे अर्ध्या क्षणानं, म्हणजे नाना पाय वर करून मागं पडल्यासारखे झाले आणि मग पूर्ण शंभर मिलिमीटर खाली. खाली रबर होतं म्हणून बरं. स्टिअरिंग सोडलं नव्हतं त्यांनी. अंधारात पहिलं वाक्य काय असेल? "पाटा तुटला का रे?" पाटा म्हणजे गाडीखालची स्प्रिंग.

मी टॉर्च घेऊन पळालो. मला त्या क्षणी नाना दिसले नाहीत. मला तो प्लास्टर ऑफ पॅरिसचा काळा हात दिसला, भिमाच्या ताटाकडं चाललेला, गिरणीच्या मोटारीवर आणि दोरावर टांगलेला, लाईट गेल्याबरोबर अध्यक्षांच्या पुढ्यात वर्गणीच्या डब्यावर आदळलेला. आणि बाजूला तू, हातात रिकामं वाळूचं पोतं घेऊन. तू दोन दिवस सांगत होतास, हाताच्या मागच्या टोकाला पोतं बांध, हात तोलून घे, मोटारीला फक्त हलवायला ठेव. मी म्हटलं, दिसायला घाण दिसतं, आणि मोटारीत दम आहे. मोटारीत दम होता रे. लाईटीत नव्हता.

आणि बघ, हे काही नशीब नव्हे, यंत्रच तसं आहे. बॉलस्क्रू चांगला का? नव्वद टक्के ताकद पोचवतो, गोळ्यांवर सरकतो. पण जो इतका सहज वर चढतो तो तितकाच सहज खाली फिरतो, मोटारीची वीज गेली की पंचेचाळीस किलो त्याला उलटा फिरवत आणतात. गाडीचा जॅक कधी पडत नाही, कारण त्याचा साधा आट्याचा स्क्रू अडतो. पण जो स्क्रू स्वतःहून अडतो तो वर जाताना अर्ध्याहून जास्त ताकद घर्षणात खातोच खातो, त्याला इलाज नाही. पडणार नाही असं पाहिजे तर अर्धी मोटर घर्षणाला दान द्या.

तू म्हणशील, ब्रेकवाली सर्वो का नाही घेतली? आतच स्प्रिंगचा ब्रेक असतो, वीज असली तर सुटतो, गेली की धरतो. आता ते न सांगितलेलं सांगतो. या मोटारी मी वाळूजला एका बंद शेडच्या लिलावात घेतल्या. दोन ढीग होते. एक ब्रेकवाल्यांचा, एक बिनब्रेकच्यांचा, फरक अकरा हजारांचा. मी स्वस्तातला उचलला. आणि तो लिलाव कोणत्या दिवशी होता माहीत आहे? तुझ्या अण्णांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी. तुला मी फोनवर सांगितलं होतं की साखर कारखान्याचं अर्जंट काम आलं. कुठलंही काम नव्हतं. वाटलं, लिलाव अकराला, बारापर्यंत आटोपेल, दुपारच्या पानाला पोचतो. बोली लांबली. चार वाजता मी टेम्पोत मोटारी भरत होतो. बकासुर पडल्यावर डब्याचे पैसे अण्णांनी भरले होते, आणि अध्यक्षांना म्हणाले होते, "पोरांनी हलता देखावा केला, हलला. आणखी काय पाहिजे?" आणि मी त्यांच्या पानाला नव्हतो. म्हणून अंगठे. बाकी तू काय ते म्हण.

काल शनिवारी मी बसून हे केलं. एक सर्वो मोकळी टेबलावर घेतली, हातानं शाफ्ट फिरवला, लोण्यासारखा फिरतो. मग तिच्या तिन्ही तारा उघड्या करून एकमेकींना पिळल्या आणि पुन्हा फिरवला. सुध्या, मधात बोट घातल्यासारखं. हळू फिरवलं तर फिरतो, जोर लावला की तेवढ्याच जोरानं अडतो. स्वतःचीच वीज स्वतःत फिरून तिला रोखते. म्हणजे एक कॉन्टॅक्टर, विजेवर चालणारा स्विच, लावायचा, वीज आहे तोवर उघडा, गेली की मिटणारा, मोटर चालवणारा ड्राइव्ह सुटल्यावर तिन्ही तारा जोडणारा. मागच्या दोन खांबांना लावून पाहिला. खुर्चीत नानांच्या जागी ज्वारीचा कट्टा ठेवला, वर पंचवीस किलो सिमेंट, त्याला नानांचा पट्टा बांधला, आणि मेन स्विच ओढला. पुढचा भाग धप्प झाला, पण मागचा बाजेवर म्हातारं टेकावं तसा खाली आला.

मी खूश. नानांना दाखवायला बोलावलं. ते खाली वाकून टॉर्चनं बघत राहिले, चारी खांब, मोटारी, वायरी. मग म्हणाले, "हिच्या खाली पाटे कुठंयत?" मी म्हटलं, पाटे नाहीत, मोटारीच धरून ठेवतात. "उभी असतानाबी?" उभी असतानाही. "म्हंजे गाडी इंजिनावर उभी केलीस तू." आणि चहाला गेले.

तू हसतोयस. हस. एकोणतीस वर्षं एसटी चालवलेला ड्रायव्हर आणि तू, दोघं तेच सांगता आणि मी दोन्ही वेळा मोटर मोजत बसलो.

तर आता असं ठरवलंय, आणि हे तू तपासून दे. प्रत्येक खांबाशेजारी एक स्प्रिंग. सगळं वजन स्प्रिंगवर नाही टाकत, पंचेचाळीसातलं तीस. खुर्ची मधे असताना शंभर मिलिमीटर दबलेली, म्हणजे मिलिमीटरला तीनशे ग्रॅम. खाली पन्नास गेली की तिथं स्प्रिंग पंचेचाळीस धरते, म्हणजे टेकता टेकता वजन तोललेलं. उरलेल्या धावेला कॉन्टॅक्टर. आणि मोटारींचं काम निम्म्याहून कमी झाल्यानं त्या गरमही होणार नाहीत, हे वरकड. मोटारसायकलच्या पुढच्या फोर्कच्या दोन स्प्रिंगा बाथरूमच्या वजनकाट्यावर दाबून पाहिल्या, एक कडक निघाली, दुसरी वाकडी. तुमच्या प्रेसशॉपात रद्दीत निघतात तसल्या लांब स्प्रिंगा चार मिळतील का बघ. एकाच लॉटच्या पाहिजेत, नाहीतर खुर्ची लंगडेल.

एक शंका राहते. वीज गेलेली असताना नाना उतरले की स्प्रिंगांवरचं वजन कमी होणार आणि खुर्ची साठेक मिलिमीटर वर येणार, त्यांच्या पायांमागून. तारा जोडलेल्या म्हणून हळू येईल, पण येईल. मला ते खटकतं. नानांना बोललो तर म्हणाले, "पॅसेंजर उतरले की गाडी वर येतीच. स्टँडवर बघितलं नाहीस कधी?" पण ते ड्रायव्हर आहेत, त्यांना सगळं सोपं वाटतं. तू सांग, खुंटी घालू का? आणि हिला कोण सांगणार? ती म्हणते, पुन्हा नाना त्या मढ्यावर बसले तर मी माहेरी परभणीला. नाना साडेचारला शेडवर येऊन नुसते बाहेर खुर्ची टाकून बसतात. साधी, प्लास्टिकची. काही विचारत नाहीत. किल्ली मात्र मागतात, "आत धूळ बसली असेल, पुसतो."

वहिनींची बदली झाली का थांबली? मोठीचं कॉम्प्युटरला लागलं असं कुणीतरी म्हटलं, अभिनंदन सांग, आणि होस्टेलचं जेवण खाऊ नको म्हणावं. तुझ्या खांद्याचं काय झालं? चाकणचा पाऊस यंदा टीव्हीवर पाहिला.

गणपती बसायला आठ दिवस आहेत. येणार असशील तर स्प्रिंगा घेऊनच ये, आणि अण्णांच्या फोटोला हार मी तुझ्यासोबत येऊन घालीन, तू म्हणशील त्या दिवशी. येणार नसशील तर स्प्रिंगा एसटी पार्सलनं टाक, नाना स्टँडवरून घेऊन येतील, त्यांना तेवढंच निमित्त. पाठवण्याआधी तारेची जाडी मोज, चारींची सारखी आहे ना बघ. व्हर्निअर आहेच तुझ्याकडं. माझा.

तुझा,
दत्त्या